आधी लेकरू, मग माय

१

सहा वर्षांच्या नागनाथच्या कार्डावर छापलं होतं, 'वाहक. उपचारांची गरज नाही.' आणि नागनाथ आदिलाबादच्या दवाखान्यात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा तो नुसता कण्हायला लागला. डॉक्टरांनी नव्याने रक्त तपासलं. पोराला सिकलसेल होता, अर्धामुर्धा नव्हे, पुरता.

वाहकाच्या रक्तात दोष असतो, पण तो त्याला फारसा छळत नाही. रोग्याचं तसं नाही. त्याला रोजची गोळी लागते, उन्हातान्हात जपावं लागतं, पाणी कमी पडून चालत नाही. कार्डावर विसंबून त्याची आई चंदा त्याला दुपारच्या उन्हात कापूस वेचायला सोबत नेत राहिली. तिला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा? कार्ड छापील होतं, वर शिक्का होता.

मैत्री दवाखान्यातून तडक उद्धवरावांच्या ऑफिसात आली ती डोक्यात जाळ घेऊनच. पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागण्याआधी तिची आठ वर्षं हैदराबादेत गेली होती. यंत्रातल्या साठवणीच्या चिपवर नोंदी चढवणारे-उतरवणारे प्रोग्राम ती लिहायची. त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. म्हणूनच उद्धवरावांनी तिला बोलावलं होतं. गावोगाव रक्त तपासणाऱ्या खाजगी मोहिमेचे ते जिल्ह्याचे प्रमुख.

"बसा मॅडम. तहकीकात झालेली आहे," ते म्हणाले. "फक्त बाहेरच्या जाणकाराची दस्तखत पाहिजे. यंत्र ठीक आहे, असं लिहून द्या. परवा दुपारी बैठक, बैठकीनंतर पोलिसात फिर्याद."

"कोणाविरुद्ध?"

"शीतल. नार्नूरच्या कँपात यंत्रावर बसायची ती. नागनाथचं एकट्याचं नाही, तिच्या टेबलावरची पुष्कळ कार्डं..."

"पण दुसरं कोणी..."

"दुसरं कोणी नाही," त्यांनी वाक्य तोडलं. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत दम धरणं या माणसाच्या पत्रिकेतच नव्हतं.

शीतल. मैत्रीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची ती. जैनथची पोर, हात विजेसारखा चालायचा. मैत्रीने ओठ दाबून धरले, कारण उघडले असते तर शिवीच बाहेर पडली असती.

"यंत्र दाखवा आधी."

यंत्र दाखवायला कंपनीचा इंजिनिअर खुशाल हजर होता. गोरागोमटा, मऊ बोलणारा. टिफिनाएवढा डबा, वर छोटा पडदा. "माणसाचा नंबर दाबायचा, रक्ताची पट्टी आत घालायची, हिरवं बटण. आतली चिप नोंद ठेवते, पडद्यावर हिरवी खूण येते. निकाल पडद्यावर दिसत नाही, गुपित राहावं म्हणून. कार्डं नंतर इथे छापतात." त्याने एक पट्टी घातली. बटण दाबताक्षणी हिरवी खूण. मग चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यावर चढवला आणि दुसरी पट्टी घातली. पुन्हा खूण. पुन्हा चष्मा. चार नोंदी त्याने केल्या आणि चारही बरोबर निघाल्या. तेवढा वेळ उद्धवराव हाताची घडी घालून गप्प उभे होते.

"आता हे बघा," म्हणून त्यांनी टेबलावर कार्डांच्या जोड्या मांडल्या. एक पोराचं, एक त्याच्या आईचं. नागनाथचं हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक चार. चंदाचं अकरा पूर्णांक चार. नागनाथ वाहक, चंदा वाहक. पुढची जोडी तशीच. त्याच्या पुढची तशीच.

"एकट्या आईची पट्टी दोनदा घातली. पोराचं बोट टोचायचा त्रास कोण घेतो," उद्धवराव म्हणाले. "यंत्र चुकलं तर कसंही चुकेल मॅडम. नेमकं आईचंच रक्त पोराला कसं देईल?"

मैत्रीने सही केली नाही. तिने तडक जैनथचा ऑटो धरला.

२

जैनथला शीतल अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मैत्रीला बघून उठली नाही. रडलीही नव्हती. तिचे डोळे कोरडे आणि लाल होते.

"तुमी बी सही कराले आल्या का मॅडम?"

"सही करायची असती तर तिथंच केली असती. इतक्या धुळीत ऑटोनं आली नसती. सांग मले, कँपात काम कसं चालते."

शीतलने शेंगांची टोपली बाजूला सारली. "चंद्रभागा सिस्टर बोट टोचते. पट्ट्या ताटात वाळते. वाळल्या का माह्याकडे येते. डोळ्याले सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसते, फरक यंत्रालेच समजते. मी नंबर दाबते, पट्टी घालते, खूण आली का दुसरी."

"आईची आधी का पोराची?"

"आधी लेकरू, मंग माय. हे सिस्टरनंच लावलं. मायचं रक्त पाह्यलं का लेकरू पळते, मंग अर्धं गाव त्याच्या मागं. म्हून लेकराले पह्यले टोचाचं. दोघायच्या पट्ट्या जोडीनंच येते, मी जोडीनंच घालते. इकडे एक, तिकडे एक. जोडी पुरी होईपर्यंत हात थांबतच नाई माह्या."

"दोन्ही हातात वेगळ्या पट्ट्या?"

"मी आंधळी हावो का मॅडम?" शीतलचा आवाज चढला. "त्या नागनाथचं बोट माह्यासमोर टोचलं. माह्या ओढणीले रक्त पुसलं त्यानं. ओढणी धुतली, नाईतर आणून दाखोली असती. पट्ट्या तर कँप संपला का जाळून टाकतेत. आता कशानं शाबित करू? माह्या बाबाले गावात लोक विचारून राह्यले, पोरीनं काऊन असं केलं म्हून. ते बाहेर निघत नाई घरातून. नोकरी गेली तर गेली. पण लेकराच्या रक्ताचं खोटं केलं म्हंतेत न, ते मी मरेपर्यंत माह्या नावाले चिकटून राहीन."

मैत्रीने तिला बोलू दिलं. मग विचारलं, "हे यंत्र पहिल्यापासून इतकं झटपट आहे?"

"नाई. आधी लय रडवाचं. खूण याच्या आधी पडदा थिजून जाये. लाईनीतले लोक आमच्यावर ओरडत. मंग पाव्हणे येणार होते, पैसेवाले, दिल्लीचे. त्याच्या आधी खुशाल सर आले, यंत्रात काईतरी नवीन टाकलं. तवापासून बटण दाबलं का खूण. उद्धवराव सरायनं पेढे वाटले."

"आणि चुकीची कार्डं सगळी पेढ्यांनंतरची?"

शीतलने मान हलवली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग काही आठवून म्हणाली, "एक गोष्ट सांगू का? पूनमताई हाये नार्नूरची. पोराच्या पट्टीचा नंबर मी दाबला, खूण आली, अन् तिची पट्टी घालाच्या आधी ताई धाडकन खाली पडली. रक्ताची भीती तिले. मी उठून पाणी मारलं, वारा घातला, मंग येऊन तिची पट्टी घातली. ते पोरगं बी माह्याच टेबलावरचं. त्याचं कार्ड पाह्यलं का कोनी?"

मैत्रीने तिथूनच नार्नूरला पूनमकडे फोन लावला. पूनमच्या घरी कार्डं सापडायला वेळ लागला. पोराचं कार्ड आईपेक्षा वेगळं होतं, आणि नागनाथनंतर डॉक्टरांनी काही पोरं पुन्हा तपासली होती, त्या निकालाशी तंतोतंत जुळत होतं.

शीतलच्या पेढ्यांनंतरच्या सगळ्या जोड्यांमधली एकच जोडी बरोबर होती, आणि ती नेमकी बेशुद्ध पडलेल्या बाईची.

३

नार्नूरला जायचं म्हणजे इचोड्यावरून. ढाब्यांसमोर ट्रक तिरपे लागलेले, बस त्यांच्यातून वाट काढत गेली आणि मैत्री खिडकीशी बसून उद्धवरावांचं वाक्य चघळत राहिली. नेमकं आईचंच रक्त पोराला कसं देईल?

चंद्रभागा सिस्टर शाळेच्या वऱ्हांड्यात सापडल्या. बत्तीस वर्षं सुया टोचून त्यांच्या बोटांना आता थरथर सुटलेली, पण जिभेला नाही.

"मी टोचलं त्या पोराले," त्या म्हणाल्या. "लिहून देतो म्हणलं उद्धवरावले. तर तो मलेच विचारते, तुमची पेन्शन कवा हाये? धमकी समजते मले. तुमी जा अन् सांगा त्याले, चंद्रभागेनं धमक्या देणारे लय पाह्यले."

"हॉस्टेलच्या पोरी बी तपासल्या न तुमी? माय सोबत नसलेल्या?"

"तपासल्या की. शीतलच्याच टेबलावर. रुपा, अन् तिच्या संगच्या. त्यायचे कार्ड बरोबर निघाले म्हंतेत. एकएकटीले बोलवा, नाव विचारा, चप्पल काढ म्हणा, बस म्हणा. लय वेळ लागते त्यायले."

दुसऱ्या टेबलावरचा पंकज शाळेच्या मागे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा होता. त्याच्या टेबलावरचं एकही कार्ड चुकलं नव्हतं. शीतल गेली तर तिची जागा त्याच्या मेव्हण्याला मिळणार, हेही मैत्रीला बसमध्येच कुणीतरी सांगितलं होतं.

"मले माहीत हाये तुमी काऊन आल्या," तो हसला. "मी काई केलं नाई. माह्यं काम सावकाश असते. एक पट्टी घालतो, खर्रा तोंडात टाकतो, थुंकून येतो, मंग दुसरी. उद्धवराव सर मले रोज शिव्या देत, शीतलकडे पाय म्हणत, तिचे दोन तुह्या एकाच्या वेळात होते. आता पाहा म्हणा शीतलकडे."

"तिचं यंत्रच खराब असंल."

"ते बी नाई." पंकजने चुन्याची पुडी खिशात टाकली. "माह्या टेबलावर ऊन येत होतं म्हून मधात मी यंत्र बदलून घेतलं. तिचं मी घेतलं, माह्यं तिले देलं. मले तिच्या यंत्रावर एक चूक नाई भेटली. अन् माह्या यंत्रावर तिनं बसल्याबरोबर चुका सुरू. आता सांगा मॅडम, चूक यंत्रात हाये का माणसात?"

त्याच्या हसण्याला एक थोबाडीत द्यावी असं मैत्रीला फार वाटलं. पण तो बोलत होता ते खरं होतं. यंत्र बदललं तरी चूक शीतलच्याच मागे गेली होती, आणि उद्या दुपारी उद्धवराव हेच सगळ्यांसमोर सांगणार होते.

४

नार्नूरच्या स्टँडवर एक म्हातारी बसजवळ उभी होती. कट्ट्यावर कापडात बांधलेला डबा. मैत्रीने ओळखलं, दवाखान्यात दिसली होती. नागनाथची आजी, देवकाबाई. मुलगा पंढरी आणि सून दोघं दवाखान्यात पोराजवळ, ही घरून रोज डबा पाठवते.

"कंडक्टरला सांगितलं का मावशी?"

"सांगतलं. आदिलाबाद, दवाखान्याचं फाटक, पंढरी येईन घ्याले. तो म्हणला, घेतो."

"मग काऊन उभ्या? उन्हात?"

"घेतो म्हणला, घेतला थोडीच." देवकाबाईने डब्यावर हात ठेवला. "तो चहा प्याले गेला. तो येऊन उचलंपर्यंत इथून हालाचं नसते, इथी सगळेच उभे राह्यतेत. तिकडे पोचला का पंढरी फोन करते, मंग झालं. मांगं हॉटेलवाल्याचा पोरगा डबा इथीच पाहून समजला का उष्टा परत आला. त्यानं त्याच्यात आपल्या गिऱ्हाइकाची भाजी भरली. कंडक्टर आला, उचलला, गेला. दवाखान्यात पंढरीनं उघडला तर मटण. अन् माह्यं वरण गेलं गटारात."

बस सुटायला झाली. कंडक्टर तोंड पुसत आला, डबा उचलला. मैत्री तिथेच उभी राहिली. बस गेली तरी उभी.

कंडक्टरला गाव आधीच सांगितलेलं. डबा मात्र अजून कट्ट्यावर. तो उचलायच्या आधी आतलं बदललं तर पत्ता पहिल्याचा आणि भाजी दुसऱ्याची.

पोराचा नंबर. आईचं रक्त.

तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आठ वर्षं हेच केलं आणि दोन दिवस दिसलं नाही. पोरं चुकतात, आया कधीच नाहीत, कारण आईनंतर पुढची जोडी येईपर्यंत वेळ जातो. एकएकट्या मुली चुकत नाहीत. पूनम पडली, मध्ये वेळ गेला, तिचं पोर वाचलं. पंकज थुंकायला जातो, मध्ये वेळ जातो. यंत्र कोणतंही असो. सगळीकडे एकच धागा होता, दोन पट्ट्यांमधला वेळ. आणि तो वेळ फक्त एका माणसाकडे नसायचा, कारण ती सगळ्यांत चांगलं काम करायची.

मग तिला तो रुमाल आठवला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ही चूक नव्हती. निदान आता राहिली नव्हती.

५

बैठकीला मोहिमेची चार मंडळी हैदराबादहून आली होती. शिवाय उद्धवराव, खुशाल, पंकज, चंद्रभागा सिस्टर. भिंतीला टेकून शीतल. मैत्रीने पंढरीलाही दवाखान्यातून बोलावून घेतलं होतं. तो दाराशी उभा, कोणी बस म्हणेना, तेव्हा मैत्रीनेच खुर्ची ओढून दिली.

उद्धवरावांनी यंत्र बदलल्याची गोष्ट रंगवून सांगितली. "चूक माणसाच्या मागे गेली, साहेब. आता मॅडमची दस्तखत..."

"दस्तखत नंतर," मैत्रीने त्यांचंच वाक्य तोडलं. "आधी एक छोटी तपासणी. सिस्टर, टोचा. पहिले खुशालना, मग पंढरीला."

सिस्टरनी टोचलं, पट्ट्या वाळवल्या. मैत्रीने यंत्र शीतलपुढे सरकवलं. "तू नार्नूरला जशी बसायचीस तशी बस. पहिला नंबर खुशालचा, दुसरा पंढरीचा. तुझ्या हाताने, तुझ्या वेगाने."

शीतलने नंबर दाबला, पट्टी घातली, बटण दाबलं. हिरवी खूण. डावा हात दुसऱ्या पट्टीसकट यंत्रापर्यंत पोचलाही होता.

"थांब जरा," खुशाल म्हणाला. "इतकी घाई नको."

शीतलचा हात हवेतच राहिला. तिने मान वर केली. "काऊन थांबू सर? खूण तर आली."

खुशालचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"सांगा की," मैत्री म्हणाली. "खूण म्हणजे नोंद झाली, असं तुम्हीच शिकवलंय ना सगळ्यांना? मग थांबायचं कशासाठी? परवा प्रत्येक नोंदीनंतर तुमचा चष्मा मळत होता. आज तो मळायच्या आत पोरीने दुसरी पट्टी उचलली, म्हणून तुमचा जीव वर आला. पुन्हा कर शीतल. पहिल्यापासून, न थांबता."

शीतलने न थांबता दोन्ही पट्ट्या घातल्या. छापून आलेलं खुशालचं कार्ड मैत्रीने त्याच्यापुढे ठेवलं. वाहक. हिमोग्लोबिनचा आकडा पंढरीच्या कार्डावरचाच. मग तिने त्याची तीच पट्टी एकटीच घालायला लावली. निर्दोष, आकडा वेगळा.

"आता सांगते हे काय आहे," ती हैदराबादच्या मंडळींकडे वळली. "या यंत्रातली चिप स्वस्त आहे आणि संथ आहे. आधी ड्रायव्हर नोंद चिपवर पुरती उतरेपर्यंत सगळ्यांना थोपवून धरायचा, म्हणून पडदा थिजायचा. मग खुशालनी तो बदलला. आता तो म्हणतो, 'घेतलं, काम चालू आहे,' आणि लगेच मोकळं करतो. खरोखर उतरल्यावर 'झालं' असा दुसरा निरोप देतो. यात वाईट काही नाही, मोठी मोठी यंत्रं अशीच चालतात. अट एकच, दुसरा निरोप येईपर्यंत ज्या जागेत नोंद ठेवली तिला हात लावायचा नाही. यांच्या पडद्याने पहिल्याच निरोपावर हिरवी खूण दाखवली. दुसऱ्या निरोपाची वाट बघणारं तिथं कोणी ठेवलंच नाही. आणि जागा एकच. पोराचा नंबर ड्रायव्हरकडे गेलेला, पोराचं रक्त अजून जागेवर पडून. तेवढ्यात त्याच जागेवर आईचं रक्त आलं. ड्रायव्हरने उचललं तेव्हा तिथे जे होतं ते पोराच्या नंबरावर गेलं."

"आमच्या डब्यात मटण निघालं होतं तसं," पंढरी खुर्चीतून बोलला. कोणीच हसलं नाही.

"आधी लेकरू, मग माय. लेकरं पळू नयेत म्हणून सिस्टरांनी लावलेली पद्धत. म्हणून दर वेळी पोराचंच कार्ड बिघडलं. पंकजला थुंकायला जायचं असायचं म्हणून त्याची कार्डं वाचली. शीतल थुंकत नाही, गप्पा मारत नाही. हा तिचा गुन्हा."

पंकजने मान खाली घातली.

"चूक कोणाच्याही हातून होते," मैत्री खुशालकडे वळली. "पण खुशाल, चूक कळल्यावर तुम्ही काय केलंत? स्वतःपुरता रुमाल काढलात. आणि एक पोरगी तुरुंगात जाताना बघत बसलात."

खुशालने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "पाहुणे येऊन गेल्यानंतर लगेच मला दिसलं. दुरुस्तीला वेळ लागणार होता. तोवर दोन नोंदींत थोडं थांबायला सांगा म्हणून मी सरांना सांगितलं होतं. स्वतः उभा राहून दाखवलं होतं, किती थांबायचं ते."

सगळ्यांच्या माना उद्धवरावांकडे वळल्या. मैत्रीला मात्र त्यात नवल वाटलं नाही. ज्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य सोसत नाही, तो चार वेळा चष्मा पुसून होईपर्यंत मुकाट उभा होता, हे तिने तेव्हाच बघितलं होतं. फक्त का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

"थांबायला सांगितलं असतं तर रोजचे आकडे पडले असते," उद्धवराव म्हणाले. "पाहुण्यांना आपण काय सांगितलं होतं? झटपट. मला काय माहीत, एवढं होईल म्हणून. छोटी बात आहे म्हणाला तो."

पंढरी खुर्चीवरून उठला. तो उद्धवरावांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं की आता हात उठणार. त्याने हात उचलला नाही.

"माह्यं लेकरू ओरडत होतं तवा तुमाले माहीत होतं," तो म्हणाला. "अजून कोनाचं ओरडणार हाये, ते बी तुमाले माहीत होतं. अन् तुमी हिचं नाव सांगत फिरले."

उद्धवरावांनी पहिल्यांदाच कोणाचं तरी वाक्य पुरं ऐकून घेतलं.

६

फिर्याद झाली, पण ती वेगळ्या नावांवर. खुशालला कंपनीने काढलं. उद्धवरावांचं पद गेलं, चौकशी लागली. ती किती वर्षं चालेल ते देव जाणे, मैत्रीला तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. शीतलला हैदराबादच्या साहेबांनी फोन केला. झालं गेलं विसरा, कामावर या म्हणाले.

"येते," शीतल म्हणाली, "पण माह्यी अट हाये. ज्यायनं माह्यं नाव गावात नेलं, त्यायनं माह्यासंग दारोदार याचं. प्रत्येक घरी सांगाचं, कार्ड खोटं होतं, पोरीनं नाई केलं, आमी केलं. अन् पह्यले जैनथला, माह्या बाबासमोर."

साहेबांनी आढेवेढे घेतले. मैत्रीने मग एवढंच कळवलं की ही गोष्ट तिला नीट लिहिता येते आणि पेपरवाले तिच्या ओळखीचे आहेत. उद्धवरावांना यावं लागलं.

आठवडाभराने नार्नूरच्या शाळेत पुन्हा टेबल लागलं. यंत्रात आता खरी खूण होती. चिपवर नोंद उतरली, दुसरा निरोप आला, की मगच हिरवी. तोवर पडद्यावर पिवळा ठिपका. जुन्या सगळ्या जोड्या पुन्हा बोलावल्या होत्या. लाईन फाटकाबाहेर गेली होती, माणसं कुरकुरत होती. नव्याने तपासलेल्या पोरांत आणखी चार रोगी निघाले होते. त्यांच्या आयांना ते शीतलनेच सांगितलं, एकेकीला बाजूला घेऊन. चौथ्या वेळी ती परत आली तेव्हा तिने मैत्रीकडे बघितलंच नाही.

नागनाथ आजीच्या कडेवर आला. वाळला होता, पण डोळे टवटवीत होते. "पह्यले मले," म्हणून त्याने स्वतःच बोट पुढे केलं. टोचल्यावर रक्त शीतलच्या ओढणीला पुसलं. तिने पुसू दिलं.

शीतलने त्याचा नंबर दाबला, वाळलेली पट्टी घातली. पिवळा ठिपका. डाव्या हातात चंदाची पट्टी तयार होती, ती तिने तशीच धरून ठेवली. मागे भिंतीशी उभे उद्धवराव, घामाने निथळत, सकाळपासून दारं फिरून पाय दुखत होते त्यांचे. त्यांना राहवलं नाही.

"झालं ना ते? घाल की पुढची."

"नाई," पडद्यावरची नजर न काढता शीतल म्हणाली. "त्यानं नुसतं घेतलं हाये. अजून झालं नाई. उभे राहा."